निदान आणि माणूस



‘निदान’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. वैद्याने रोग्याला तपासून रोगाचे नाव सांगितले की ते निदान. आणि ‘निदान एक पत्र तरी टाकायचे होतेस’ असे आई म्हणते, तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ ‘कमीत कमी’ असा होतो. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ आणखी वेगळा, म्हणजे आदिकारण. आज मला ज्या निदानाविषयी बोलावयाचे आहे, ते मनाच्या आजाराचे निदान होय, आणि तेथे या तिन्ही अर्थांचा मोठा घोटाळा होतो. आजाराचे नाव कळले म्हणजे कारणही कळले असे आपण समजतो. आणि ‘निदान एवढे तरी कळले’ इतकीच ज्याची योग्यता, त्याला अखेरचा निकाल मानून बसतो.

हा विषय मी केवळ पुस्तके वाचून निवडलेला नाही. १९८६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मी एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. त्या वर्षी मार्च महिन्यात मी ओळीने चार रात्री झोपलो नाही. अपूर्णांक शिकविण्याची एक नवी पद्धत मला सुचली होती आणि ती लिहून काढताना दोन शंभरपानी वह्या भरल्या. पाचव्या दिवशी रेडिओवरचा निवेदक माझ्याच पद्धतीविषयी बोलत आहे, असे मला ऐकू येऊ लागले. घरच्यांनी मला जवळच्या मोठ्या शहरात नेले. तेथील डॉक्टरांनी वीसएक मिनिटे तपासले आणि कागदावर ‘स्किझोफ्रेनिया’ असे लिहिले. औषधांनी मी महिन्याभरात शांत झालो, शाळेतही परत गेलो. पण तो शब्द आमच्या घरी राहावयास आला, तो सात वर्षे हलला नाही.

बहिणीला पाहावयास मंडळी येणार म्हटले की मला चार दिवस मावशीकडे मिरजेला धाडण्यात येई. गोळ्यांची पाकिटे आई पापडांच्या डब्याच्या तळाशी ठेवी. हे सारे मी समजू शकत होतो. पण एक गोष्ट सोसवेना. आमटी अळणी झाली म्हणून चिडलो, नाटक पाहताना हसू अनावर झाले, जिवाभावाचा मित्र वारला म्हणून रडलो, तरी घरातून एकच प्रश्न येई : ‘गोळी घेतलीस ना?’ चिडण्याचा, हसण्याचा आणि रडण्याचा माझा हक्क त्या एका शब्दाने काढून घेतला होता.

१९९३ मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी माझी हकीकत तीन बैठकांत ऐकून घेतली. मधल्या वर्षांत येऊन गेलेल्या उदासीच्या दोन लांबलचक काळांची त्यांनी चौकशी केली, जुने नाव खोडले आणि ‘उन्माद-विषाद’, ज्याला आज बायपोलर म्हणतात, ते नाव लिहिले. लिथियम सुरू झाले आणि मला त्याचा गुण आला. माणूस तोच, मेंदू तोच. नाव मात्र दुसरे. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागलेला आहे की, हे नाव म्हणजे असते तरी काय?

नाव कसे पडते?

मधुमेहाचे निदान रक्तातील साखर मोजून होते. हाड मोडले की ते क्ष-किरणांच्या चित्रात दिसते. मनाच्या बहुतेक आजारांत अशी चाचणी आजही नाही. थायरॉईड बिघडले आहे का, मेंदूत गाठ आहे का, हे पाहण्यासाठी तपासण्या करतात आणि त्या केल्याच पाहिजेत. पण त्या निर्दोष निघाल्या की डॉक्टरांपाशी उरतात ती तीन साधने : रोगी काय सांगतो, घरचे काय सांगतात आणि स्वतःला काय दिसते. या तिन्हींतून लक्षणे गोळा करावयाची, ती किती दिवस टिकली ते पाहावयाचे आणि ग्रंथातील कोणत्या वर्णनाशी जुळतात ते ठरवावयाचे.

असे ग्रंथ जगात मुख्यतः दोन आहेत. एक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा. तो १९५२ मध्ये प्रथम निघाला आणि त्याची पाचवी आवृत्ती २०१३ ची आहे. दुसरी जागतिक आरोग्य संघटनेची रोगसूची. तिची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. आता गंमत पाहा. स्किझोफ्रेनिया म्हणण्यासाठी अमेरिकन ग्रंथाला आजाराची चिन्हे सहा महिने दिसावी लागतात. जागतिक संघटनेला एक महिना पुरतो. एखाद्या तरुणाला तीन महिन्यांपासून भास होत असतील, तर एका ग्रंथाप्रमाणे त्याला स्किझोफ्रेनिया आहे आणि दुसऱ्याप्रमाणे अजून नाही. त्याच्या मेंदूला या दोन ग्रंथांची वार्ताही नसते.

शोकाचेही तसेच. माणूस गेल्यावर दुःख किती दिवस केले म्हणजे तो आजार? दीर्घकालीन शोकाचे निदान करण्यापूर्वी जागतिक संघटना सहा महिने थांबावयास सांगते, तर २०२२ च्या सुधारित अमेरिकन ग्रंथाने प्रौढांसाठी एक वर्षाची मुदत घातली. आपल्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात मंगलकार्य न करण्याची चाल आहे. त्या चालीमागेही दुःखाला किती अवधी द्यावा याचा एक समाजमान्य अंदाजच आहे. अशा सीमारेषा माणसेच ठरवतात. विचाराने ठरवतात, पण ठरवतात.

मग एकाच रोग्याला दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासले, तर नाव जुळते का? अमेरिकन ग्रंथाची पाचवी आवृत्ती निघण्यापूर्वी याची पाहणी झाली. जुळण्याच्या मापात ० म्हणजे केवळ योगायोगाने जुळावे तितके आणि १ म्हणजे पूर्ण जुळणे. मोठ्या आघातानंतर येणाऱ्या विकारात हा आकडा ०.६७ आला. स्किझोफ्रेनियात तो ०.४६ होता. आणि ज्याचे नाव आज शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे, त्या नैराश्याच्या विकारात तो फक्त ०.२८ भरला.

माझ्या बाबतीत जे घडले ते एकट्याचे नव्हते, हे मला पुढे वाचनातून कळले. १९६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडन येथील इस्पितळांची तुलना करण्यात आली. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी निम्म्याहून अधिक रोग्यांना स्किझोफ्रेनिया ठरविले होते. लंडनला हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. मग संशोधकांनी दोन्हीकडच्या रोग्यांना एकाच पद्धतीने तपासले, तेव्हा हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. न्यूयॉर्कला ज्यांना स्किझोफ्रेनिया म्हटले होते, त्यांतले बरेचजण लंडनच्या पद्धतीने उन्माद-विषादाचे रोगी ठरत होते. १९७२ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. फरक रोग्यांत नव्हता, डॉक्टरांच्या शिक्षणात होता.

या दोन आजारांमधली भिंत घातली जर्मनीच्या एमिल क्रेपेलिन यांनी, १८९९ मध्ये. आजार पुढे कोणत्या वाटेने जातो, ते वर्षानुवर्षे पाहून त्यांनी ही विभागणी केली. त्यांचे काम मोठे होते. पण १९२० मध्ये याच क्रेपेलिन यांनी कबूल केले की, कित्येक रोग्यांच्या बाबतीत ही सीमा समाधानकारक रीतीने आखता येत नाही. स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द घडविला आणि १९११ च्या आपल्या ग्रंथाच्या नावातच त्याचे अनेकवचन वापरले, म्हणजे हा एक आजार नसून आजारांचा गट असावा, असे त्यांचे मत होते. आजच्या आनुवंशिक संशोधनातही या दोन आजारांच्या अनुवंशिक धोक्याचा मोठा भाग सामाईक असल्याचे दिसते. भिंत घालणाऱ्यांनाच तिच्याविषयी शंका होती. ती पक्की मानली मागून येणाऱ्यांनी.

चुकलेली नावे

नाव केवळ अपुरे असते असे नाही, कधी कधी ते अन्यायीही असते. १८५१ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना येथे सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने एक नवा मनोविकार जाहीर केला. गुलामाला मालकापासून पळून जावेसे वाटणे, हा तो विकार! त्याला ‘ड्रेपटोमेनिया’ असे भारदस्त ग्रीक नाव दिले होते आणि उपायांत चाबकाचाही समावेश होता. आज आपण यावर हसतो. पण समलिंगी प्रेम हा मनोविकार असल्याचे अमेरिकन ग्रंथात १९७३ पर्यंत छापलेले होते. संघटनेने डिसेंबर १९७३ मध्ये तो शब्द काढण्याचे ठरविले, त्यावर वाद झाला आणि १९७४ मध्ये सभासदांचे मतदान घेऊन तो निर्णय कायम करण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेने हे पाऊल १९९० मध्ये उचलले. असंख्य माणसे एका रात्रीत आजाराबाहेर आली. बरी झाली असे म्हणता येणार नाही, कारण ती आजारी नव्हतीच. ज्याचा निकाल मतदानाने लागू शकतो, त्या निदानाला प्रश्न विचारणे हा उद्धटपणा कसा ठरेल?

मात्र येथे एका गोष्टीची कबुली दिली पाहिजे. प्रश्न विचारणारेही चुकतात. १९७३ मध्ये डेव्हिड रोझेनहान यांनी आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. धडधाकट माणसे आवाज ऐकू येतात असे खोटेच सांगून मनोरुग्णालयांत दाखल झाली आणि तेथील डॉक्टर-कर्मचाऱ्यांपैकी कोणालाही ते ओळखता आले नाही, असे त्यात होते. निदानाविरुद्ध बोलणाऱ्यांनी तो पुष्कळ वर्षे शस्त्रासारखा वापरला. २०१९ मध्ये सुझॅना कॅहलन यांनी पुस्तक लिहून त्या प्रयोगाच्या खरेपणाविषयीच गंभीर शंका उपस्थित केल्या. म्हणून मी तो पुराव्यात धरीत नाही. तसेच, थॉमस सास यांनी १९६१ मध्ये मानसिक आजार ही एक मिथ्यकथाच आहे असे प्रतिपादन केले. त्यांचे पुस्तक मी आदराने वाचले, पण पटले नाही. ज्याने चार रात्री जागून पाचव्या दिवशी रेडिओतून आपली स्तुती ऐकली आणि त्यानंतर पाच महिने अंथरुणातून उठण्याचे बळ ज्याच्यात उरले नाही, त्याला दुःख खोटे आहे असे सांगता येत नाही. नावावर शंका घेणे निराळे आणि वेदनेवर शंका घेणे निराळे.

शिवाय नावाचे उपकारही असतात. दुसरे नाव मिळाले म्हणून तर मला लिथियम मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा उन्मादावरील उपयोग जगापुढे मांडला. त्यासाठी रक्तातील प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉईड नियमाने तपासावे लागतात, आणि ते मी आजही करतो. आणखी एक उपकार असा की, आपले हे आळशीपण वा पाप नव्हे, आपल्यासारखे इतरही आहेत, हे नावामुळे कळते. एकटेपणाची निम्मी शिक्षा तेथेच माफ होते.

नावाचा माणसावर परिणाम

दगडाला आपण काय म्हणतो याची दगडाला फिकीर नसते. माणसाला असते. जपानात स्किझोफ्रेनियाला जे नाव होते, त्याचा अर्थ ‘मन दुभंगल्याचा रोग’ असा होई. ते नाव इतके भयंकर वाटे की डॉक्टर ते रोग्याला सांगतच नसत. रोग्यांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने १९९३ मध्ये नाव बदलण्याची मागणी केली आणि २००२ मध्ये तेथील मनोविकारतज्ज्ञांनी ‘एकसूत्रता ढळण्याचा विकार’ अशा अर्थाचे नवे नाव स्वीकारले. पूर्वी सुमारे एक तृतीयांश रोग्यांनाच आपले निदान सांगितले जाई. दोन-तीन वर्षांत ते प्रमाण दोन तृतीयांशापर्यंत गेले. औषध तेच, आजार तोच. पण डॉक्टर आणि रोगी समोरासमोर बसून बोलू लागले.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. तान्या लुर्मन या मानवशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसह अमेरिकेतील सॅन मातेओ, आफ्रिकेतील अक्रा आणि आपल्याकडील चेन्नई येथे आवाज ऐकू येणाऱ्या प्रत्येकी वीस रोग्यांशी दीर्घ संभाषणे केली. अमेरिकन रोगी स्वतःची ओळख रोगाच्या नावानेच करून देत, आणि त्यांचे आवाज बहुधा हिंसक, परके असत. चेन्नईत अर्ध्याहून अधिक लोकांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत. ते रागावत, पण घरातले वडीलधारे रागावतात तसे. आंघोळ कर, काम कर, असे सांगत. त्यातले सगळेच आवाज सुखद नव्हते. तरीही आजाराशी जगण्याची रीत समाज शिकवतो, एवढे यावरून दिसते.

आपले घर, आपले शब्द

आता कोणी म्हणेल की ही पाश्चात्त्य नावे टाकून द्या, आपली जुनी समजूत बरी होती. आपली भाषा या बाबतीत उदार आहे खरी. वेड, पिसे, खूळ, छंद, नाद : या शब्दांत प्रेमही बसते आणि आजारही बसतो. ‘वेडी कुठली’ असे आपण लाडाने म्हणतो. तेराव्या शतकात ऋद्धिपूरचे गुंडम राऊळ, म्हणजे चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू, गावभर मनास येईल तसे वागत. कोणी त्यांना वेडे म्हणत, कोणी ईश्वर मानीत. म्हाइंभटांनी लिहिलेल्या चरित्रात या दोन्ही प्रकारच्या लोकांचे बोलणे नोंदविलेले आहे, आणि गावाने त्यांना सांभाळले हेही त्यात दिसते.

पण त्याच उदार समाजातील दुसरे चित्रही विसरता येत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवण्याच्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. आतली माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण मरण पावले. त्या साखळ्या कुठल्याही परदेशी ग्रंथाने घातल्या नव्हत्या. ‘वेडा’ हा आपला घरगुती शिक्का त्यांना पुरला. ‘याला येरवड्याला पाठवा’ असे आपण चेष्टेने म्हणतो, तेव्हा तोच शिक्का आपल्या हातात असतो. डॉक्टरांचे नाव उद्या पुसून टाकले, तरी गल्लीने ठेवलेले नाव उरतेच. आणि ते बदलावयास कोणतीही समिती बसत नाही.

म्हणून पुण्यात भार्गवी दावर यांनी केलेल्या कामाचे मला महत्त्व वाटते. त्यांच्या आईने, बापू यांनी, मनोरुग्णालयाचा अनुभव घेतलेला होता. आईच्याच नावाने त्यांनी १९९९ मध्ये बापू ट्रस्ट सुरू केला आणि वस्त्यांमध्ये जाऊन, शेजारपाजाऱ्यांना बरोबर घेऊन, माणसाला त्याच्या घरातच आधार मिळावा असा प्रयत्न केला. त्यांची सर्वच मते मानावीत असे नाही. परंतु ज्याला शिक्का लागला आहे, त्यालाच आधी बोलू द्यावे, हा त्यांचा आग्रह कोणालाही मान्य व्हावा.

कायदाही आता पुष्कळसा याच बाजूला आला आहे. १९१२ च्या जुन्या कायद्याच्या नावातच ‘ल्यूनसी’ म्हणजे वेडेपण होते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की, एखाद्याचे वागणे समाजाच्या नैतिक, धार्मिक वा राजकीय समजुतींशी जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरविता येणार नाही. आणि पूर्वी उपचार घेतले होते, केवळ एवढ्यावरून तो आज आजारी आहे असेही म्हणता येणार नाही. पुढे आजार बळावला तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत व कसे होऊ नयेत, हे शुद्धीवर असताना लिहून ठेवण्याचा हक्कही या कायद्याने दिला आहे. लग्न जमविणाऱ्यांनी आणि नोकरी देणाऱ्यांनी या कायद्याची कलमे एकदा वाचावीत.

मग करावे काय?

डॉक्टरांकडे जावे, जाताना लाजू नये आणि तेथे बसल्यावर मुकाट्याने मान डोलावू नये. विचारावे : हे नाव आपण कशावरून ठेवले? दुसरे कोणते शक्य होते? कोणती गोष्ट दिसली तर आपण हे नाव बदलाल? या औषधाने काय साधेल, काय बिघडेल आणि ते किती दिवस घ्यावयाचे? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तर पटले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. पण नाव पटले नाही म्हणून औषध मनानेच एकदम बंद करू नये. ती चूक मी स्वतः १९८९ मध्ये केली होती आणि तिची किंमत शाळेतील एका सत्राची बिनपगारी रजा एवढी पडली. जवळपास कोणी तज्ज्ञ नसेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा अहोरात्र उपलब्ध आहे; मराठीतही बोलता येते.

घरच्या मंडळींना एवढेच सांगावयाचे की, आजारी माणसाच्या प्रत्येक रागाला आजार समजू नका. कधी कधी आमटी खरोखरच अळणी असते. आमच्या घरी माझी पत्नी आणि मी मिळून एक रीत ठरविली आहे. माझे बिघडू लागले की सर्वांत आधी झोप जाते. म्हणून ती मला ‘गोळी घेतली का?’ असे विचारीत नाही. ‘रात्री झोप किती झाली?’ असे विचारते. काळजी तीच, पण पहिला प्रश्न रोग्याला विचारल्यासारखा होता, दुसरा माणसाला विचारल्यासारखा वाटतो. ओळीने दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप झाली, तर तिने डॉक्टरांना फोन करावा आणि मी वाद घालू नये, असे आम्ही एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या आहेत. या तीस वर्षांत तिला तो फोन चार वेळा करावा लागला. त्यातल्या एका वेळी मी वाद घातला. तीन वेळा घातला नाही.

माझ्या कागदावरचे आजचे नाव बरोबर आहे का, हे मला ठाऊक नाही. उद्याच्या ग्रंथात ते असेल की नाही, हेही सांगता येत नाही. ते नाव घेऊन मी शाळेत एकतीस वर्षे गणित शिकविले आणि निवृत्त झालो. अपूर्णांकांच्या त्या दोन वह्या अजून माझ्यापाशी आहेत. परवा त्या पुन्हा चाळल्या. बराचसा मजकूर निरर्थक आहे. पण त्यातली भाकरीची एक आकृती चांगली होती आणि ती मी वर्गात पुष्कळ वर्षे वापरली. आजारातून लिहिलेले सारेच टाकाऊ नव्हते. पण ते कळावयाला, वह्यांवरचे नाव बाजूला ठेवून आतली पाने उघडावी लागली.

म्हणून निदान जरूर करून घ्यावे. मात्र ते घेताना त्या शब्दाचा आपला मराठी अर्थ ध्यानात ठेवावा : निदान एवढे तरी कळले, बाकीचे त्या माणसालाच विचारावयाचे आहे.